रागावलेल्या माणसाला 'काम डाउन' (calm down) म्हणावं का? कूल ऑफ, सिमर डाउन वगैरेंचा धागा

खराडीची_शिफ्ट

मंडळी, प्रश्न इंग्रजीचा आहे पण नुसता इंग्रजीचा नाहीये म्हणून 'भाषा' विभागात न टाकता इथे धागा काढतेय, संपादकांना हलवायचा असेल तर खुशाल हलवा.

मी खराडीला एका कंपनीत चॅट सपोर्टची टीम बघते, कस्टमर सगळे अमेरिकेतले. आमच्याकडे एक पोरगा नवीन लागलाय, बारामतीकडचा, मराठी मीडियम, व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं. परवा एक बाई रिफंडवरून तापल्या होत्या, सगळं कॅपिटलमधे लिहीत होत्या, तर यानं अगदी मनापासून टाईप केलं 'मॅम, प्लीज काम डाउन'. झालं! रिफंड राहिला बाजूला आणि बाईंची कंप्लेंट याच्याच नावावर. एस्कलेशन, रिव्ह्यू कॉल, सगळं यथासांग पार पडलं. पोरगा मला विचारतोय मॅडम मी 'प्लीज' लिहिलं, 'मॅम' लिहिलं, वाक्य बरोबर आहे, मग नडलं काय? आमच्या ट्रेनिंगच्या पीपीटीत 'हे शब्द टाळा' म्हणून यादी आहे, त्यात हे सगळ्यात वर आहे, पण का टाळायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. मी आपलं 'रूड वाटतं' म्हणून वेळ मारून नेली तर त्याचा पुढचा प्रश्न, मग 'कूल ऑफ' लिहू का? की 'सिमर डाउन'? गूगलवर सगळ्यांचा अर्थ शांत होणे असाच येतो म्हणे.

इथे भाषावाले, वकील, डॉक्टर सगळे पडीक असतात, सांगा बघू.

मंडईचा_गणपा

मराठीत तरी कुठे चालतं हो! भर मंडईत भाव करताना तापलेल्या काकूंना 'काकू शांत व्हा' म्हणून बघा, भाजीची पिशवी डोक्यात बसेल. पोराला सांगा, भाषेचा दोष नाही, वेळ चुकली.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय)

निवृत्त_मास्तर

खराडीताई, पोरगा चांगला दिसतोय, त्याला ओरडू नका. आयुष्यभर आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला डाउन, ऑफ असं शेपूट लागतं ते) हा आपल्या मुलांचा हमखास रडायचा विषय, कारण आपण त्यांना शब्दाचा अर्थ देतो आणि तो कोण कोणाला म्हणतो हे सांगतच नाही.

'काम डाउन' दोन्हीकडे चालतं. मी स्वतः शांत झालो तरी काम डाउन आणि मी दुसर्‍याला शांत केलं तरी 'काम हिम डाउन', मधे कर्म घालता येतं. त्यामुळे ते आज्ञार्थात पटकन येतं, आणि आज्ञा करणारा नेहमी वरच्या पायरीवर असतो. आई पोराला म्हणते, पोलीस जमावाला म्हणतो. गिर्‍हाइकाला दुकानदारानं म्हटलं की त्यात न उच्चारलेलं वाक्य असतं की तुमचं रागावणं उगाच आहे. 'प्लीज' लावून ती पायरी खाली येत नाही.

'सेटल डाउन' हे तर वर्गातलंच, मीच रोज म्हणायचो. 'सिमर डाउन' चुलीवरचं आहे, उकळी फुटलेलं मंद आचेवर आणायचं. गिर्‍हाइकाला अजिबात नाही, त्यात 'जास्त उड्या मारू नकोस' असा सूर आहे. 'चिल आउट' अमेरिकन स्लँग, मित्रामित्रांत ठीक. 'वाइंड डाउन' घड्याळाच्या चावीवरून, दिवसभराचा शीण उतरवणे, रागाशी त्याचा काही संबंध नाही, पुष्कळ मुलं तिथे चुकतात. आणि 'ब्लो ओव्हर' माणसाला लावताच येत नाही, भांडण ब्लो ओव्हर होतं, वादळासारखं डोक्यावरून निघून जातं.

आता 'कूल ऑफ'. हे रागाच्या अर्थानं बहुतेक वेळा माणूस आपलं आपण करतो, दुसर्‍यानं कूल ऑफ करायचं नसतं, फार तर 'लेट हिम कूल ऑफ', म्हणजे होऊ द्यायचं. उन्हातून येऊन पोहायला उतरलं तरी कूल ऑफच. गंमत बघा, एक सांगितलं जातं आणि दुसरं होऊ दिलं जातं. सगळा फरक मला विचाराल तर तिथे आहे. पण म्हणून चॅटवर 'कूल ऑफ' लिहायला सांगू नका हां, आज्ञार्थात तेही तितकंच उर्मट.

पेठेतला_वाडा

मास्तर, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

रच्याकने (म्हणजे बाय द वे), 'काम' (calm) या इंग्रजी शब्दाची कुंडली माहितीये का कोणाला? कोशात बघा, ग्रीक 'काउमा' पर्यंत मागे नेतात, त्याचा अर्थ उष्णता, जळजळीत ऊन. तिथून लॅटिन आणि पुढे दक्षिण युरोपच्या भाषांत येईपर्यंत दुपारच्या उन्हाची वेळ, त्या वेळी सगळे कामधंदे बंद ठेवून आडवे होतात ती वेळ, आणि मग ती सामसूम म्हणजे 'काम'. म्हणजे ज्या शब्दाला आपण थंड समजतो तो मुळात भर उन्हातला आहे आणि शांतता कुठून आली तर दुपारच्या झोपेतून!!

आता सांगा दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणार्‍या पुणेकराला जगानं हसायचं काही कारण आहे का? चितळ्यांनी २०१७ मधे दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हाच मी म्हणलं होतं, शहराचं बीपी वाढणार.

डेक्कन_जिमखाना_नव्हे

वाडा, तुम्ही कुठल्याही धाग्यात एक ते चार आणताच. दंडवत.

खराडीची_शिफ्ट

मास्तर, धन्स, 'सांगितलं जातं आणि होऊ दिलं जातं' हे उद्याच्या हडलमधे (टीमच्या छोट्या मीटिंगमधे) ढापणार. पण माझा पुढचा प्रॉब्लेम असा की होऊ द्यायला वेळ लागतो आणि आमच्याकडे वेळेचंच तर टारगेट असतं, चॅट लवकर संपली पाहिजे. माणूस तापल्यावर नॉर्मलला यायला किती वेळ लागतो असं काही शास्त्रात आहे का? डॉक्टर लोक कुठे गेले?

ओपीडी_नंतर

आलो. आत्ताच संपली.

थोडक्यात सांगतो. राग आला की दोन लाटा येतात. पहिली अ‍ॅड्रेनालिनची, ती सेकंदांत येते, छाती धडधडते, हात थरथरतात, आवाज चढतो. हे रसायन रक्तात टिकत नाही, दोनतीन मिनिटांत निम्मं होतं. दुसरी कॉर्टिसॉलची, ती उशिरा येते, साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखरावर, आणि तिचं निम्मं व्हायलाच तासभर किंवा जास्त जातो. म्हणून माणूस वरून गप्प झालेला दिसतो पण आत गाडी चालूच असते आणि कोणी जरासं टोचलं की पहिल्यापेक्षा मोठा भडका. नवराबायकोच्या भांडणांवर काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन हे ब्रेक घ्या म्हणतात तो कमीत कमी वीस मिनिटांचा, त्यामागे हेच आहे. नाडी शंभरच्या वर गेलेल्या माणसाला समोरच्याचं बोलणं नीट ऐकूच येत नाही असं त्यांचं निरीक्षण. तुमच्या त्या बाईंनी 'प्लीज' वाचलंच नसणार, बघा.

पण मेख इथे आहे. वीस मिनिटं तेव्हाच पुरतात जेव्हा तुम्ही ते प्रकरण परत परत चघळत नाही. गॅलरीत जाऊन उभे राहिलात आणि मनात 'तो असा म्हणाला, मी असं म्हणायला पाहिजे होतं' चालू असेल तर प्रत्येक उजळणीला नवीन डोस. मीटर परत शून्यावरून.

पर्वती_रोज

डॉक, माझा अनुभव वेगळाय. डोकं फिरलं की मी सरळ पर्वती चढतो, घाम निघाला की राग गेला. आत साठवण्यापेक्षा बाहेर काढलेला बरा नैका, प्रेशर कुकरची शिट्टी. आता तर तोडफोड करायच्या रूम पण निघाल्यात, पैसे देऊन बाटल्या फोडायच्या. मनात ठेवून अल्सर करून घेण्यापेक्षा बरं.

ओपीडी_नंतर

पर्वतीला हात जोडून सांगतो, कुकरवालं मॉडेलच चुकीचं निघालंय. ब्रॅड बुशमन म्हणून संशोधक आहेत, २००२ चा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले आणि मग 'मी वाचलेल्या सगळ्यात वाईट निबंधांपैकी एक' असा शेरा मारून त्यांना मुद्दाम चिडवलं. मग काहींना पंचिंग बॅगवर त्या शेरा मारणार्‍याला आठवत ठोसे मारायला लावले, काहींना आपण व्यायाम करतोय असं मनात धरून मारायला लावले, आणि काहींना काहीच नाही, नुसते बसा. सगळ्यात जास्त राग कोणाचा राहिला? आठवत ठोसे मारणार्‍यांचा. नुसते बसलेले सगळ्यात बरे.

२०२४ मधे त्यांनी आणि सोफी क्यारविक यांनी मिळून १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, दहा हजारांवर लोक. निष्कर्ष सरळ आहे, शरीराची धडधड कमी करणार्‍या गोष्टी, म्हणजे सावकाश श्वास, ध्यान, योगासनं, स्नायू ढिले सोडणं, यांनी राग उतरतो. धडधड वाढवणार्‍यांनी एकूणात उतरत नाही, आणि पळण्यानं तर वाढायची शक्यता दिसली. चेंडूचे खेळ मात्र चालतात, त्यात बहुतेक मजा येते म्हणून.

पर्वती सोडू नका, हृदयाला उत्तमच आहे. फक्त रागाचं औषध म्हणून नाही.

पर्वती_रोज

मग माझा राग जातो तो का जातो?

ओपीडी_नंतर

वर पोचल्यावर तुम्ही बसता ना कट्ट्यावर, वार्‍याला? त्यानं.

डेक्कन_जिमखाना_नव्हे

=)) =)) मेलो

पर्वती_रोज

हसा. पण डॉक म्हणतात तसं असेल तर ते 'साठवू नका, बोलून मोकळे व्हा' हे जे सगळे समुपदेशक सांगतात ते पण बाद का?

ओपीडी_नंतर

चांगला प्रश्न. बोलून मोकळं होणं आणि बोलून परत तापणं यात फरक आहे. मैत्रिणीला फोन करून झालेलं सांगितलं आणि ती म्हणाली 'बरं, मग आता काय करूया' तर उतरतो. ती म्हणाली 'अगं मी असते ना तर कानाखाली दिली असती' तर दोघींचा चढतो. आणि दाबून टाकणं हाही उपाय नाहीच, चेहरा कोरा ठेवला म्हणून आतली लाट काही थांबत नाही. अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती महाराष्ट्रात बर्‍यापैकी माहितीये, तिचा भर यावरच आहे की घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो ते तपासा, 'त्यानं असं वागताच कामा नये' ऐवजी 'वागला नसता तर बरं झालं असतं'. पण ते बसून शांतपणे करायचं काम आहे, ऐन भडक्यात नाही. भडक्यात फक्त श्वास, बाहेर सोडायचा श्वास आत घेण्यापेक्षा लांब. स्टॅनफर्डचा २०२३ चा अभ्यास आहे, नाकानं दोन टप्प्यांत श्वास भरायचा आणि तोंडानं सावकाश सोडायचा, रोज पाच मिनिटं, महिनाभर. मूड सुधारला, श्वासाचा वेगही मंदावला.

सूर्यमुखी

हो हे करून बघा, युनिव्हर्सिटी चौकात सिग्नलला थांबल्यावर मस्त वेळ मिळतो, पाच मिनिटं काय पंधरा मिळतात. फक्त तोंडानं सोडताना मास्क पाहिजे.

काळा_डगला

उशिरा येतोय, शिवाजीनगरला तारखेवर होतो.

मास्तरांचा 'होऊ देणे' मुद्दा कायद्यात अक्षरशः आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं १३ ब कलम आलं, परस्पर संमतीचा घटस्फोट. अर्ज दिल्यावर लगेच हुकूमनामा मिळत नाही, सहा महिने थांबायचं, अठरा महिन्यांच्या आत परत येऊन दोघांनी सांगायचं की होय, अजून हेच पाहिजे. याला सगळे 'कूलिंग ऑफ पीरियड' म्हणतात, फॅमिली कोर्टात पक्षकार पण म्हणतात, 'साहेब आमचं कूलिंग कधी संपतंय'. गंमत म्हणजे कलमात हा शब्द कुठेच नाही. तो वकिलांनी आणि न्यायाधीशांनी रुळवला.

आणि तिथेही शेवटी कोर्टाला मान्य करावं लागलं की ज्यांचा राग नाहीच, फक्त संसार संपलाय, त्यांना थंड व्हा म्हणून बसवून ठेवण्यात अर्थ नाही. २०१७ चा अमरदीप सिंग निकाल, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं सहा महिने बंधनकारक नाहीत, दीड वर्ष वेगळे राहून झालं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा यावर एकमत असेल तर न्यायालय ते माफ करू शकतं. पुढे २०२३ मधे घटनापीठानं सांगितलं की सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या कलम १४२ खालच्या स्वतःच्या अधिकारातही हे करू शकतं. माझ्या बघण्यात दोन्ही प्रकार आहेत. सहा महिन्यांत खरंच अर्ज मागे घेऊन हातात हात घालून गेलेले आणि सहा महिन्यांत सासूसासर्‍यांपर्यंत नवीन केसेस वाढवलेले. वेळ दिला म्हणजे माणूस थंड होतोच असं नाही, मधल्या वेळात घरचे काय कानात ओततात त्यावर आहे. डॉक्टर म्हणतात ते चघळणं.

पेठेतला_वाडा

वकीलसाहेब, फौजदारीत उलटं नसतं का? म्हणजे थंड व्हायला वेळ मिळाला हेच अंगाशी येतं.

काळा_डगला

अगदी बरोबर, आणि त्याचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, नानावटी. गंभीर आणि अचानक चिथावणी मिळून ताबा सुटला असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरतात, जुन्या भादंविच्या ३०० कलमाचा पहिला अपवाद, आता न्याय संहितेत १०१. एप्रिल १९५९, मुंबई. नौदलाचे कमांडर, बायकोनं दुसर्‍याशी संबंधांची कबुली दिली. त्यांनी बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग त्या दुसर्‍याच्या, आहुजाच्या घरी गेले. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मधे अपवाद नाकारला. दुपारी दीडला घर सोडलं आणि चार वीसला आहुजावर गोळ्या सुटल्या, मधे ताबा परत यायला पुरेसा वेळ होता, शिवाय मधल्या वेळातलं वागणं ठरवून केल्यासारखं. जन्मठेप कायम. पुढे राज्यपालांनी माफी दिली तो भाग वेगळा.

म्हणजे कायदा गृहीत धरतो की माणूस साधारण तेवढ्या वेळात थंड होतो, आणि नाही झाला तर जबाबदारी त्याची.

पेठेतला_वाडा

दीड ते चार वीस!! मी काय म्हणत होतो? हीच ती वेळ. पुण्यात असते तर झोपले असते, पुढचं सगळं टळलं असतं.

(दिवे घ्या, म्हणजे हलकंच घ्या)

सूर्यमुखी

वाडा, एक माणूस गेलाय त्यात. दिवे नाही घेता येत.

पेठेतला_वाडा

मान्य. राहू द्या, पुढे चला.

इंद्रायणीकाठ

एवढी चर्चा झाली आणि ताटीचे (ताटी म्हणजे झोपडीचं दार) अभंग कोणालाच आठवले नाहीत? आळंदी काय लांब आहे का. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव झोपडीचं दार लावून आत बसले अशी परंपरेतली कथा आहे, आणि दाराबाहेर धाकटी बहीण मुक्ताई. जग रागानं आग झालं तर संतानं पाणी व्हावं, हे तिचंच. पण मला कायम आवडतं ते हे की प्रत्येक अभंगाच्या शेवटी ती एवढंच म्हणते, दार उघड. 'शांत हो' नाही म्हणत.

निवृत्त_मास्तर

वा. पण इंद्रायणी, प्रामाणिकपणे बघा, मधल्या ओळींत उपदेशच भरलाय की, योगी कसा असावा, संत कसा असावा. तोही धाकट्या बहिणीनं थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या पायरीच्या सिद्धांताची पार वाट लागली.

इंद्रायणीकाठ

मास्तर, ती बहीण आहे हो, चॅट सपोर्ट नाही. तिचा अधिकार वेगळा. आणि ती बाहेर उभी राहून बोलतेय, दार तिनं ढकललेलं नाही.

निवृत्त_मास्तर

हे पटलं.

नुसता_वाचक

धागा वाचतोय, छान चाललाय. मी मरकळच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलोय, तिथे राग आला तर त्याला नाव ठेवू नका, श्वास आणि अंगावरच्या संवेदना बघा एवढंच सांगतात. डॉकनी सांगितलेलं आणि हे जुळतंय असं वाटलं. घरी आल्यावर किती टिकलं हे बायकोला विचारू नये.

खराडीची_शिफ्ट

तुम्ही सगळे कुठल्या कुठे गेलात पण मला पाहिजे ते मिळालं. टीमशी बोलून नवीन कॅन्ड रिप्लाय (आधीच लिहून ठेवलेली उत्तरं) लिहिलेत, मास्तर तपासा जरा. 'दिस हॅज टेकन टू लाँग, अँड आय अंडरस्टँड व्हाय यू आर अपसेट' आणि लगेच पुढच्या ओळीत आपण काय करतोय ते, 'आय अ‍ॅम पुलिंग अप युवर रिफंड नाऊ'. भावनेबद्दल एकच ओळ, मग काम. आणि शोधायला वेळ लागणार असेल तर मिनिटं सांगून थांबवायचं, म्हणजे आपोआप श्वास घ्यायला वेळ मिळतो. आमच्या मॅनेजरनं कपाळाला आठ्या घातल्या, पण दोन आठवडे करून बघा म्हणाले.

निवृत्त_मास्तर

उत्तम. फक्त 'आय अंडरस्टँड' प्रत्येक चॅटला तेच आलं तर त्याचंही 'काम डाउन' होईल, आलटून पालटून वापरा. आणि त्या मुलाला म्हणावं इंग्रजी नाटकं बघ, कोण कोणाला काय म्हणतंय ते ऐक. डिक्शनरी पाठ करू नकोस.

मंडईचा_गणपा

अवांतर: वकीलसाहेब, इन्शुरन्सच्या पॉलिसीत पण कूलिंग ऑफ का कायसं असतं ना? मेव्हण्यानं मार्च एंडला गळ्यात मारलीय एक, घरात त्यावरून धुसफूस चालू आहे.

काळा_डगला

त्याला आपल्याकडे 'फ्री लुक' म्हणतात. २०२४ पासून तीस दिवस आहेत, आधी साधारण पंधरा होते. तीस दिवस पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून मोजायचे, हप्ता भरल्यापासून नाही. लेखी कळवा, पोच घ्या. मधल्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, मेडिकल आणि स्टँप ड्युटी कापून बाकी परत मिळतात. अमेरिकेत दारावर येऊन विकणार्‍यांसाठी असाच कूलिंग ऑफ रूल आहे, तिथे तीनच कामाचे दिवस.

मंडईचा_गणपा

कागद ईमेलवर आला असेल तर?

काळा_डगला

ईमेल आल्याच्या तारखेपासून. आजच बघा.